मातीचे विरजण : क्विन्सीच्या गव्हाचे प्रकरण

गव्हाचे शेत भरात आलेले असते. दुरून पाहिले तर सगळीकडे हिरवे-पिवळे आणि त्यात मधेमधे पांढुरके गोल. जवळ जावे तर त्या गोलातल्या ओंब्या ताठ उभ्या आहेत. पण एखादी तळहातावर चोळून फुंकर मारली की सगळे फोलपट उडून जाते, हातात दाणा उरत नाही. झाड उपटायला जोर लागत नाही, चिमटीत येते. मुळे बादलीत धुतली तर कोळशासारखी काळी. बुडख्यावरचे वाळलेले पान सोलले की आत काळी चकाकी, जणू कोणी डांबराचा हात फिरवला आहे.

हा गव्हाचा ‘टेक-ऑल’ रोग. सगळेच घेऊन जातो म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याला हे नाव दिले. तो एका बुरशीमुळे होतो. गॉमॅनोमायसिस ग्रॅमिनिस हे तिचे जुने नाव, अलीकडे ती गॉमॅनोमायसिस ट्रिटिसाय म्हणून ओळखली जाते. मागच्या पिकाच्या धसकटांत आणि मुळांच्या तुकड्यांत ती जगून राहते. नव्या गव्हाचे मूळ जवळ आले की काळपट धाग्यांनी त्यावरून धावते, मग आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवून टाकते. दाणा भरायच्या ऐन दिवसांत झाडाचे पाणी तुटते. ती ओंबी पिकून पांढरी झालेली नसते, तहानेने मेलेली असते.

या रोगाचा आणि मुळांवर राहणाऱ्या एका जिवाणूचा जो झगडा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात उलगडला, तो मला जैविक रोगनियंत्रणातला सर्वांत शिकवणारा धडा वाटतो. आपल्याकडे त्याच कुळातल्या ‘स्यूडोमोनास’ जिवाणूची भुकटी आता प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते. ती बियाण्याला चोळण्यापूर्वी हे प्रकरण प्रत्येक शेतकऱ्याने एकदा ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

गव्हावर गहू

वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग कोरडा. कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरण झाले आणि १९५२ पासून त्याचे पाणी कालव्यांनी मोठ्या प्रमाणावर या माळांवर खेळू लागले. जिथे पूर्वी खुरटी झुडपे होती तिथे बागायती गहू उभा राहिला. क्विन्सी हे त्याच खोऱ्यातले गाव. पाण्याची ओल आणि गव्हावर पुन्हा गहू, या दोन गोष्टी टेक-ऑलच्या बुरशीला हव्याच असतात. रोग आला, आणि जोरात आला.

त्यावरचा शहाणपणाचा उपाय जगभर एकच होता, बेवड बदला. वर्षभर गहू आणि त्याच्या कुळातली गवते शेतात नसली की बुरशी उपाशी मरते, कारण धसकटांबाहेर तिला फारसे जगता येत नाही. सल्ला बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण फेरपालट करायची तर दुसऱ्या पिकाला भाव हवा आणि त्या पिकाची यंत्रेही हवीत. अनेकांनी गहू सोडला नाही.

आणि त्यांच्या शेतात उलटे घडले. पहिल्या काही वर्षांत रोग वाढत गेला, एखाद्या वर्षी शेताची दैना झाली, आणि त्यानंतर तो आपणहून उतरू लागला. औषध घातले नव्हते, वाण बदलला नव्हता. साधारण चार ते सहा पिकांनंतर पांढरे गोल विरळ झाले आणि उत्पन्न बरेचसे सावरले. फेरपालटीच्या शेताइतके ते क्वचितच येई, पण धंदा चालण्यापुरते येई.

ही चर्चा एकट्या अमेरिकेची नव्हती. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या पोल्डर जमिनींतही असाच उतार दिसला होता. गेरलाख यांचा १९६८ चा प्रबंध त्यावरच आहे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हावर गहू चालू आहे, तिथेही सततच्या गव्हात हा रोग आवाक्यात राहिलेला आढळला. शेतकरी सांगत होते आणि शेत दाखवत होते. कारण मात्र कोणाच्या हाती लागत नव्हते.

साठ अंश, तीस मिनिटे

वॉशिंग्टन राज्यातल्याच पुलमन येथे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन सेवेत आर. जेम्स कुक हे वनस्पती-रोगतज्ज्ञ काम करत होते. (पुढे २०११ मध्ये त्यांना शेतीसाठीचे वुल्फ पारितोषिक मिळाले.) त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. रोग उतरला तो बुरशी दुबळी झाली म्हणून, की माती बदलली म्हणून?

उत्तर कुंड्यांमध्ये शोधले गेले. रोगाला पोषक असलेली माती घेतली, तिच्यात बुरशी मिसळली, गहू पेरला. मुळे काळी पडली. मग त्याच मातीत रोग उतरलेल्या शेतातली माती थोडीशी मिसळली. थोडीशी म्हणजे वजनाने १ ते १० टक्के. आता त्याच बुरशीसमोर मुळे बऱ्यापैकी पांढरी राहू लागली. एवढ्याशा मातीने खताचे, सामूचे किंवा पोताचे गणित बदलत नाही. म्हणजे त्या चिमूटभर मातीतून काहीतरी जिवंत आले होते आणि नव्या जागी वाढले होते. आपल्या घरात रोज रात्री हेच चालते. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, कारण चमच्यातून दही जात नसते, दही लावणारे जात असतात.

विरजण लावताना दूध कोमट हवे, कढत दुधात ते मरते, हे प्रत्येक घरात माहीत असते. मातीच्या विरजणाचीही हीच परीक्षा झाली. रोग उतरलेल्या शेतातली ओली माती ६० अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवली आणि मग मिसळली, तर तिच्यातले रक्षण नाहीसे झाले. माती कडकडीत वाळवली तरी तेच. धुरी देऊन निर्जंतुक केली तरी तेच.

या साठ अंशांपाशी जरा थांबायला हवे, कारण पुढचा सगळा तपास याच आकड्याने वळला. मातीतल्या जिवाणूंचे या दृष्टीने दोन गट पडतात. बॅसिलससारखे काही जिवाणू संकट आले की टणक बीजाणू करून बसतात. त्यांना साठ अंशांचे काही वाटत नाही. स्यूडोमोनाससारखे जिवाणू बीजाणू करत नाहीत. ते ओलसर मुळांवर भराभर वाढतात आणि उष्णतेत, कोरडेपणात भराभर मरतात. रक्षण साठ अंशांना जात असेल तर संशय दुसऱ्या गटावर जाणार हे उघड होते. कुक आणि ऑस्ट्रेलियाचे अल्बर्ट रोविरा यांनी १९७६ मध्ये हेच मांडले की या मातीचे रक्षण जिवाणूंकडून होते आणि त्यांतही चमकणारे स्यूडोमोनास पहिल्या संशयाचे धनी आहेत.

‘चमकणारे’ हा शब्द शब्दशः घ्या. गव्हाचे मूळ निर्जंतुक पाण्यात हलवून ते पाणी किंग्ज बी नावाच्या खाद्यावर पसरले आणि दोन दिवसांनी ती थाळी अतिनील दिव्याखाली धरली, तर काही वसाहती हिरव्या-निळ्या उजळतात. मी पदव्युत्तर शिक्षणात पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा दिवा बंद करायला हात धजावेना. ती चमक लोह ओढून घेणाऱ्या एका रंगद्रव्याची असते. १९८० मध्ये क्लोपर, श्रोथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे जिवाणू मुळाजवळचे लोह आधीच बांधून ठेवतात आणि रोगकारकांना ते मिळू देत नाहीत. काही काळ वाटले, गव्हाच्या कोड्याचेही उत्तर हेच असणार.

पुरावा कसा मिळाला

ते उत्तर अपुरे ठरले. डेव्हिड वेलर आणि कुक यांनी १९८३ मध्ये गव्हाच्या मुळांवरून वेचलेले स्यूडोमोनास बियाण्याला लावून टेक-ऑल कमी करून दाखवला. त्यांतला २-७९ हा जिवाणूचा वाण त्याच राज्यातल्या लिंड या गावाकडच्या गव्हावरचा. तो थाळीत फेनाझिन वर्गातले एक प्रतिजैविक तयार करत असे आणि बुरशी त्याच्यापासून लांब थांबत असे. पण थाळीत काय होते यावरून मुळावर काय होते हे ठरत नाही. कितीतरी जिवाणू थाळीत शूर असतात.

लिंडा थॉमाशॉ आणि वेलर यांनी १९८८ मध्ये याचा निकाल लावला. त्यांनी २-७९ मधली फेनाझिन करण्याची क्षमताच मोडली. बाकी जिवाणू तोच होता आणि मुळावर तसाच राहत होता, फक्त ते एक हत्यार काढून घेतलेले. रोगावरचा त्याचा ताबा बराच कमी झाला. मग मोडलेला भाग पुन्हा जोडून दिला, तर ताबा परत आला. १९९० मध्ये त्याच गटाने गव्हाच्या मुळांवरून प्रत्यक्ष ते प्रतिजैविक वेगळे काढून मोजले. जिवाणू मुळावर बसतो, तिथेच औषध करतो आणि ते औषध नसेल तर रोग वाढतो, ही साखळी पहिल्यांदाच कडीला कडी लावून पूर्ण झाली. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण जैविक औषधांच्या नावाखाली आज जे दावे केले जातात त्यांतले फार थोडे या कसोटीला उतरतील.

तरीही मूळ प्रश्न उरलाच होता. २-७९ बियाण्याला चोळलेला, बाहेरून आणलेला. क्विन्सीच्या शेतात कोणी काही चोळले नव्हते. तिथे आपणहून कोण राखण करत होते?

एक लाख

१९९७ आणि १९९८ मध्ये योस राय्माकर्स, वेलर आणि थॉमाशॉ यांनी रोग उतरलेल्या मातींत वाढलेल्या गव्हाची मुळे तपासली. तिथे फेनाझिनवाले सापडले नाहीत. सापडले ते दुसरे प्रतिजैविक करणारे स्यूडोमोनास. त्या द्रव्याचे नाव लांबलचक आहे, २,४-डायअसेटिलफ्लोरोग्लुसिनॉल. सगळे त्याला डीएपीजी म्हणतात. रोग उतरलेल्या तीन मातींत १ ग्रॅम मुळावर हे जिवाणू सुमारे ५ लाख ते २० लाख होते. रोगाला पोषक मातींत ते एकतर दिसलेच नाहीत किंवा निदान ४० पटींनी कमी होते.

मग तोच जुना साठ अंशांचा प्रयोग नव्या डोळ्यांनी केला गेला. माती तापवली की हे जिवाणू गेले आणि रक्षणही गेले. तापवलेल्या मातीत एकटा डीएपीजीवाला जिवाणू परत सोडला, तर रक्षण परत आले. डीएपीजी करता न येणारा त्याचा भाऊबंद सोडला, तर आले नाही. आणि एक उंबरठा हाती लागला. १ ग्रॅम मुळावर साधारण १ लाख जिवाणू असतील तर रोग आटोक्यात राहतो, त्याखाली ते असूनही उपयोग होत नाही.

हा १ लाखाचा आकडा माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. शेतात जिवाणू ‘आहे’ याला अर्थ नाही. तो मुळाच्या अंगावर, पुरेशा दाटीने आणि रोगाच्या वेळी हवा.

ती दाटी क्विन्सीत आली कशी? गव्हाचे मूळ साखर, आम्ले असे काही ना काही सतत पाझरत असते. बुरशीने मूळ फोडले की तो पाझर कैकपटींनी वाढतो. जखमेच्या कडेला मेजवानीच असते, आणि भराभर वाढणारे स्यूडोमोनास तिथे गर्दी करतात. पुढच्या वर्षी पुन्हा गव्हाची मुळे, पुन्हा जखमा, पुन्हा तीच गर्दी, आणि दर वर्षी थोडी जास्त. म्हणून रोग उतरायला आधी रोग चढावा लागतो. शेताने आपली राखण स्वतःच्या नुकसानीवर पोसली होती. मधेच दुसरे पीक घेतले की वस्ती पांगते, गहू परत आला की पुन्हा जमायला लागते.

म्हणूनच ‘काही करू नका, माती आपोआप बरी होईल’ असा अर्थ कोणी काढला तर मला तो मुळीच मान्य नाही. ती चार-सहा वर्षे कोणाच्या तरी घरातून गेलेली असतात. मोठ्या जमिनीचा, पीकविमा असलेला शेतकरी ती सोसू शकतो. दोन एकरांचा शेतकरी पहिल्याच दैनेत कर्जात जातो.

बाटलीत भरताना

मग ही वस्ती तयारच विकत का देऊ नये? हाच विचार करून कंपन्या आणि प्रयोगशाळा २-७९ सारख्या वाणांच्या मागे लागल्या. काही शेतांत उत्पन्न वाढले, काही शेतांत फरकच दिसला नाही. बॉनी ओन्ली, वेलर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या मातींत २-७९ तपासला, तेव्हा त्याचे यश मातीच्या सामूसारख्या आणि जस्तासारख्या घटकांशी जोडलेले दिसले. एकाच पुडीतला जिवाणू एका शेतात काम करतो आणि शेजारच्या शेतात करत नाही, याला विक्रेत्याची लबाडी हे एकच कारण नसते. शेत वेगळे असते.

दुसरे कारण चिकाटीचे. बियाण्यावर कोट्यवधी जिवाणू चोळले तरी मूळ लांबत जाते तसे बहुतेक वाण मागे पडतात. क्विन्सीच्याच मातीतून मिळालेला क्यू८आर१-९६ हा वाण मात्र निराळा निघाला. राय्माकर्स आणि वेलर यांनी २००१ मध्ये दाखवले की मातीत तो अगदी थोडा, म्हणजे ग्रॅमला शंभराच्या घरात सोडला तरी गव्हाच्या लागोपाठ आठ पेऱ्यांत मुळांवर लाखाच्या आसपास टिकून राहतो. त्याच्यासारखेच डीएपीजी करणारे इतर वाण याच परीक्षेत हळूहळू घसरले. औषध दोघांचे तेच, फरक घर करण्याचा. गव्हाच्या मुळावर पिकामागून पीक राहिलेल्यांतून निवडला गेलेला जिवाणू गव्हालाच मानवतो. वाटाण्याच्या मुळावर त्याच कुळातले दुसरे वाण वरचढ ठरतात.

पाण्याचीही एक बाजू आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याने ती नीट ऐकावी. लिंडला वर्षाला जेमतेम २५० मिमी पाऊस. तिथल्या कोरडवाहू गव्हाच्या मुळांवर डीएपीजीवाले नव्हे, फेनाझिनवाले आपणहून भरपूर असतात आणि पाऊस जसा कमी तसे ते जास्त आढळतात, असे २०१२ मध्ये दिमित्री माव्रोदी, थॉमाशॉ, वेलर यांच्या गटाने मांडले. नंतर लिंडलाच काही तुकड्यांना पाणी देऊन पाहिले, तर तीन वर्षांत तिथले फेनाझिनवाले घटले. जमीन तीच, पीक तेच, फक्त पाणी आले आणि मुळावरची वस्ती बदलली. ठिबक आल्यावर आपल्या शेताची मुळे तीच राहत नाहीत, हे मी तेव्हापासून मनात धरून आहे.

नत्राचेही असेच. कुक आणि रिचर्ड स्मायली यांनी १९७३ च्या सुमारास दाखवले की नायट्रेटऐवजी अमोनियम रूपात नत्र दिले तर मुळालगतचा सामू उतरतो आणि टेक-ऑल कमी होतो. खताची गोणी निवडतानाही आपण मुळावरचे शेजारी निवडत असतो.

आणि वाढीबद्दल. या जिवाणूंना ‘वाढवर्धक’ म्हणण्याची पद्धत १९७८ पासून, क्लोपर आणि श्रोथ यांनी पाडली. पुड्यांवर मोठ्या अक्षरांत वाढच लिहिलेली असते. काही जिवाणू संप्रेरके करतात, स्फुरद विरघळवतात, हे खरे. पण कुक यांचे एक निरीक्षण मला जास्त पटते. धुरी दिलेल्या मातीत गहू एकदम तरारून वाढतो, त्याचे मोठे कारण पिथियमसारख्या बुरश्या मरतात हे असते. पिथियम झाड मारत नाही, केसमुळे कुरतडते. झाड निरोगी दिसते, फक्त थोडे खुजे. त्यालाच आपण ‘या जमिनीची वाढ एवढीच’ म्हणून बसलेलो असतो. जिवाणूने दिलेली वाढ बरेचदा ही अडवलेली वाढ मोकळी झालेली असते.

आमच्या शेतात

आपल्याकडे हा विषय येतो तो मुख्यतः हरभऱ्याच्या मर रोगावरून. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात विद्याशेखरन आणि मुथामिलन यांनी १९९५ मध्ये शंखजिऱ्याच्या भुकटीत स्यूडोमोनास टिकवून हरभऱ्याच्या मरीवर वापरला. आज मिळणाऱ्या पांढऱ्या पुड्यांची घडण बरीचशी त्याच वाटेने आलेली आहे.

इथे एक सावधगिरी हवी. क्विन्सीचा धडा हरभऱ्यावर तसाच लावून ‘सलग हरभरा घ्या, मर उतरेल’ असे कोणी करू नये. मरीची फ्युजेरियम बुरशी टेक-ऑलसारखी वर्षभरात उपाशी मरत नाही. हरभरा नसतानाही ती जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. तिथे बेवड, विजय किंवा दिग्विजयसारखे मर-प्रतिकारक वाण आणि बीजप्रक्रिया हे तिन्ही लागतेच.

तीन वर्षांपूर्वी मीच भावाला स्यूडोमोनासची पुडी घ्यायला लावली. त्याने ती उन्हाळ्यात, खरिपाच्या बियाण्याबरोबरच आणून ठेवली आणि रब्बीपर्यंत ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. बियाण्याला नीट चोळून पेरली. मर व्हायची तेवढी झाली. उरलेली भुकटी मी प्रयोगशाळेत नेली, पाण्यात विरघळवून किंग्ज बीच्या थाळीवर पसरली आणि दोन दिवसांनी अंधारात दिवा लावला. काही मळकट वसाहती होत्या, बुरशीचा एक कापसाळ गोळा होता. एकही वसाहत चमकली नाही.

मला तेव्हा साठ अंश आणि तीस मिनिटे आठवली. मे महिन्यात पत्र्याखाली दुपार किती तापते हे आपल्याला कोणी सांगायला नको, आणि कोरडी भुकटी शेडमध्ये महिनोन्‌महिने पडून होती. कुक यांनी मुद्दाम केले ते आम्ही नकळत केले होते. पुडी दुकानात येण्यापूर्वी कुठल्या गोदामात, कुठल्या टेम्पोत तापली असेल तेही कोणाला ठाऊक नाही. पुडीवर ग्रॅमला किती जिवाणू हे छापलेले असते, ते भरण्याच्या दिवशीचे. शेतकऱ्याला हवी असते ती पेरणीच्या दिवशीची संख्या, आणि ती तपासून देणारी सोय तालुक्याला असायला हवी. बियाण्याची उगवण तपासतो तशीच ही तपासणी झाली पाहिजे. एक थाळी, एक दिवा आणि दोन दिवस, याहून जास्त त्याला लागत नाही.

गेल्या रब्बीत आम्ही क्रम बदलला. पुडी पेरणीच्या आठवड्यात घेतली, तारीख पाहून. घरी आणल्यावर माजघरात, पाण्याच्या रांजणामागच्या गार कोपऱ्यात ठेवली. तिच्यातली चिमूटभर मी आधी थाळीवर घातली आणि वसाहती चमकलेल्या पाहिल्या. बुरशीनाशक लावायचे ते बियाण्याला आधी लावून सुकू दिले. ताम्रयुक्त औषध आणि स्ट्रेप्टोमायसिन जवळ येऊ दिले नाही, कारण ती जिवाणूंनाच मारतात. संध्याकाळी सावलीत गुळाच्या पाण्याचा हात देऊन भुकटी चोळली आणि सकाळी वाफशावर पेरले. शेताच्या एका कडेच्या चार ओळी मुद्दाम भुकटीशिवाय ठेवल्या. भाऊ कुरकुरला, “ताई, त्या ओळी मरायला ठेवल्यात का?” मी म्हटले, त्या ओळी नसतील तर बाकीच्या कशाने जगल्या हे आपल्याला कधीच कळणार नाही.

झाडे महिन्याची झाल्यावर त्याने दोन्हीकडची पाच-पाच झाडे मातीच्या ढेकळासकट खणून काढली. ओढून उपटायची नाहीत, केसमुळे तुटतात, एवढे मी फोनवर सांगितले होते. संध्याकाळी पुन्हा त्याचा फोन आला. ढेकळे ओल्या गोणपाटात गुंडाळून रांजणापाशी ठेवली आहेत, चिठ्ठ्या बांधल्या आहेत, मुळे धुतलेली नाहीत. “थाळ्या घेऊनच ये,” तो म्हणाला.